मनाचे आजारपण आणि आरोग्यविमा

घरातील वडील माणसाला पक्षाघाताचा झटका आला म्हणजे आपल्या गावात काय घडते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. शेजारी धावून येतात, कोणी रिक्षा आणतो, कोणी इस्पितळात रात्र काढतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी हटकून विचारतो, "अहो, विमा उतरवला होता ना?" पण त्याच घरातील तरुण मुलगा महिनेच्या महिने अंथरुणातून उठेनासा झाला, जेवेनासा झाला, तर घराचे दार आतून लोटून घेतले जाते. विचारणाऱ्याला "पित्ताचा त्रास आहे" असे सांगितले जाते. डॉक्टरांची बिले येतातच. विम्याची आठवण मात्र कोणी करून देत नाही, कारण मुळात कोणाला काही सांगितलेलेच नसते.

गेल्या वर्षी एका व्याख्यानानंतर एक गृहस्थ आमच्यासाठी थांबून राहिले होते. मंडप रिकामा होईपर्यंत ते बोलले नाहीत. त्यांची मुलगी तीन आठवडे मनोविकारांच्या इस्पितळात होती. खर्चासाठी त्यांनी पत्नीच्या पाटल्या मोडल्या. आम्ही विम्याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, "विमा आहे, नऊ वर्षे हप्ते भरतो आहे. पण डोक्याच्या आजाराला तो लागू होत नाही ना?" त्यांचे चुकले असे आम्हांला म्हणवत नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आज ते खरे नाही. हा फरक कसा पडला आणि त्याचा उपयोग सामान्य कुटुंबाने कसा करून घ्यावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९१२ सालच्या कायद्याने मनोरुग्णाचा विचार केला तो मुख्यतः त्याला कोठे कोंडावे या दृष्टीने. १९८७ च्या कायद्याने भाषा सुधारली, पण भर पुष्कळसा इस्पितळे आणि त्यांतील प्रवेश यांवरच राहिला. सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' ही योजना आणली ती १९८६ साली. पुढे जे आरोग्यविमे निघाले, त्यांत मानसिक आजार वगळल्याचे कलम जवळजवळ ठरलेले असे. मोतीबिंदूला पैसे मिळत, हर्नियाला मिळत. उन्मादाला किंवा तीव्र नैराश्याला मिळत नसत.

ही भिंत मोडली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमात एक लहानसे पोटकलम आहे. शारीरिक आजारांच्या उपचारांसाठी ज्या पायावर विमा मिळतो, त्याच पायावर मानसिक आजारांच्या उपचारांसाठीही प्रत्येक विमा कंपनीने तो दिला पाहिजे, असे ते सांगते. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना याची जाणीव करून दिली. २०१९ मध्ये मानसिक आजार सरसकट वगळण्यास मनाई केली. आणि तरीही काही पॉलिसी मागे राहिल्या, म्हणून सर्व पॉलिसींत ही तरतूद करण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२२ ही मुदत घालून दिली. मधल्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने एका रुग्ण स्त्रीच्या दाव्यात निर्णय दिला की, कायदा अमलात आल्या दिवसापासून कंपन्या त्याने बांधल्या गेल्या आहेत. जुन्या कलमाकडे बोट दाखवून त्यांना सुटता येणार नाही.

येथे वाचकाने "त्याच पायावर" या शब्दांपाशी थांबावे. त्यांत लाभ आहे, आणि मर्यादाही आहे. आपल्याकडील सामान्य आरोग्यविमा हा इस्पितळात दाखल होण्याचा विमा आहे. रुग्ण किमान चोवीस तास दाखल असला पाहिजे, ही त्याची मुख्य अट. सर्दीतापासाठी दवाखान्यात जाऊन आलो तर विमा पैसे देत नाही. मग त्याच न्यायाने मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन आलो तरी देत नाही. कायद्याने समानता दिली, पण ती या चौकटीतली.

अडचण अशी की, शरीराच्या मोठ्या आजारांचा मोठा खर्च इस्पितळात होतो, तर मनाच्या बहुतेक आजारांचा खर्च बाहेरच होतो. मानसोपचार म्हणजे आठवड्याला तासभर समोरासमोर बसून केलेले काम. तेथे खाट लागत नाही. समजा, एका बैठकीला हजार रुपये पडतात आणि रुग्ण वर्षभर दर आठवड्यास जातो. बावन्न हजार रुपये झाले. कुटुंब खचते ते या थेंबाथेंबाने गळणाऱ्या पैशाने. समान पायावरच्या विम्यात याला जागा नाही.

तरी दोन वाटा आहेत. पहिली, काही पॉलिसींत जादा हप्ता घेऊन बाह्यरुग्ण उपचारांची सोय देतात. ती घेण्यापूर्वी वर्षाची मर्यादा किती, मनोविकारतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञाच्या बैठकाही त्यात येतात काय, आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. मर्यादा पाच हजारांची असेल, तर वरच्या हिशेबाने पाच बैठका झाल्या. दुसरी वाट दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीच्या आणि घरी आल्यानंतरच्या काही दिवसांचा, त्याच आजाराचा खर्च पुष्कळ पॉलिसी देतात. 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत तो आधी तीस व नंतर साठ दिवसांचा आहे. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांबरोबर मानसोपचाराच्या बैठकाही कागदावर लिहून दिल्या, तर त्यांची बिले जोडून मागणी करता येते. तोंडी सांगितलेल्या सल्ल्याला मात्र विमा ओळखत नाही.

उपचार कोणाकडून घेतला यालाही महत्त्व आहे. कायदा ज्यांना मानसिक आरोग्याचे व्यावसायिक मानतो त्यांत मनोविकारतज्ज्ञ येतात, आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेले चिकित्सा-मानसशास्त्रज्ञही येतात. नुसत्या 'समुपदेशक' या पाटीवर विसंबू नये. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला?

आता सर्वांत नाजूक गोष्ट, ती म्हणजे लपवाछपवी. विम्याच्या अर्जात पूर्वीच्या आजारांची चौकशी असते. रक्तदाब आपण लिहितो. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या मात्र लिहीत नाही. पुढे दाव्याच्या वेळी जुनी चिठ्ठी निघते, आणि माहिती दडवली या कारणावरून दावा नाकारला जातो. लाजेची किंमत येथे रोख मोजावी लागते. वास्तविक, खरे सांगितले तर आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षाकाळ लागतो, एवढेच बहुधा होते. आणि नियामकाने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली आहे. नोकरीतून मिळणाऱ्या सामूहिक विम्यात तर हा काळ पुष्कळदा माफ असतो. कचेरीत बोभाटा होईल अशी भीती अनेकांना वाटते. पण रुग्णाची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने दिला आहे.

एका अपवादाची कल्पना अवश्य असावी. दारू किंवा मादक द्रव्ये यांमुळे होणारे मानसिक विकार कायद्याच्या व्याख्येत बसतात. तथापि बहुतेक पॉलिसी व्यसनाचे उपचार अजून वगळतात. ज्या घरात व्यसन आणि नैराश्य एकत्र नांदतात, तेथे दाव्याच्या कागदांवर निदान स्पष्ट आणि खरे लिहिलेले असणे फार आवश्यक आहे.

दावा नाकारला गेला तर? प्रथम कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागावे; ते सांगणे कंपनीवर बंधनकारक आहे. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. मुंबईत व पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. यासाठी उपचारांची कागदपत्रे हवीत. ती मिळण्याचा हक्क रुग्णाला पंचविसाव्या कलमाने दिलेला आहे.

आणि ज्यांच्याजवळ विमाच नाही त्यांचे काय? सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे हाच कायदा म्हणतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तेथे मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. पण गरज केवढी आहे पाहा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते. प्रौढांपैकी सुमारे शंभरात दहाजणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि आजारपरत्वे सत्तर ते ब्याण्णव टक्के लोक उपचारांवाचून होते. विम्याचे एक कलम ही दरी बुजवू शकत नाही, हे मान्यच केले पाहिजे. बैठकीच्या उपचारांचा खर्च विम्यात सर्रास येईल तेव्हाच समानता पुरी होईल.

त्या गृहस्थांची हकीकत सांगून थांबतो. दावा करण्याची मुदत उलटून गेली होती. परंतु विलंबाला सबळ कारण असेल तर केवळ तेवढ्यासाठी दावा फेटाळू नये, असे नियामकाने २०११ सालीच कंपन्यांना कळवले आहे. त्या आधाराने आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. 'विलंबाचे कारण' या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले, शेवटी त्यांनी लिहिले, "हा आजार विम्यात येतो हे ठाऊक नव्हते, आणि विचारण्याची लाज वाटली." काही महिन्यांनी पैसे आले, काही कापले गेले, पुष्कळसे मिळाले. पाटल्या परत आल्या नाहीत. मुलगी आता बरी आहे, आणि पुढच्या हप्त्याची तारीख तीच वडिलांना आठवण करून देते.

आपल्या कपाटातही अशी एखादी पॉलिसी असेल. आज घरी गेल्यावर ती एकदा काढून वाचावी. आणि शेजारच्या घराचे दार लोटलेले दिसले, तर तेथेही विचारावे, "अहो, विमा उतरवला होता ना?"