गाडीतला रेडिओ कुणी काढला?

बीडच्या सायबर कॅफेंत 'जीटीए व्हाइस सिटी' खेळून मोठ्या झालेल्या कितीतरी पोरांना त्या गेममधल्या गाड्यांना रेडिओ असतो, हेच माहीत नव्हतं. सुभाष रोडजवळच्या एका गल्लीत माझा कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, तासाला २० रुपये. लोडशेडिंग लागलं की दोनच मशीन चालायच्या. मूळ गेम दोन सीडींचा. आमच्यापर्यंत यायचा तो 'रिप', म्हणजे जागा वाचवायला कुणीतरी छाटून बारीक केलेला, आणि अर्थातच चोरीचा. गाड्या, रस्ते, बंदुका काढल्या तर गेम चालत नाही. गाणी काढली तर चालतो. म्हणून गाणी गेली. १९८६ सालच्या अमेरिकेची गाणी हा खरं तर त्या गेमचा जीव, आणि आमची पोरं 'पँझर' टाइप करून रणगाडा मागवत मुक्या शहरातून हिंडायची. मामाकडं पुण्याला जाऊन आलेला एक जण तेवढा अडून बसला, "भैय्या, तिकडं गाडीत बसलं की गाणे लागतेत. आपल्याकडं कामून लागंनात?"

छाटाछाट काही फक्त चोरीच्या सीडीवर होत नाही. गेम बनवणारे स्वतःच त्याहून जास्त कापतात. बाजारात उतरायची तारीख आधी ठरलेली असते, पैसे मोजके असतात, कथा मध्येच बदलते, एखादा भाग साध्या मशीनवर अडखळत चालतो. मग तो भाग जातो. पण जातो म्हणजे पुसला जातोच असं नाही. गेममधली एक फाइल दहा ठिकाणी अडकलेली असते; ऐनवेळी ती उपटली तर भलतंच काही कोसळायचं. म्हणून प्रोग्रामर तिथं पोचायचा रस्ता तेवढा बंद करतात. माल डिस्कवर तसाच राहतो.

यात किती धोका आहे हे 'जीटीए सॅन अँड्रियास'नं दाखवलं. त्यात नायक आणि त्याच्या मैत्रिणीचा एक अश्लील प्रसंग बनवला होता, मग तो बंद करून ठेवला. जून २००५ मध्ये कॉम्प्युटरवरची आवृत्ती आली आणि नेदरलँड्समधल्या एका हौशी माणसानं बंद रस्ता उघडून दाखवला. 'हॉट कॉफी' नावानं ते प्रकरण गाजलं. जुलैमध्ये अमेरिकेतल्या मानांकन मंडळानं गेमला थेट 'फक्त प्रौढांसाठी'चा शिक्का मारला, मोठ्या दुकानांनी तो फळीवरून उतरवला आणि कंपनीला तो भाग खरोखर काढून नवी आवृत्ती आणावी लागली.

उलटी गोष्ट 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागाची. डिसेंबर २००४ मध्ये तो घाईघाईत बाजारात आला. शेवटाकडचे प्रसंग आणि यंत्रमानवांचा एक अख्खा ग्रह गळाला होता. चाहत्यांनी डिस्कवरचे तुकडे शोधून, वर्षानुवर्षं फुकट राबून बरंच काही जोडून दिलं. पुढं २०२२ मध्ये हा गेम निन्टेंडोच्या स्विचवर आला, तेव्हा विकणाऱ्या कंपनीनं हाच परत जोडलेला भाग नंतर देऊ अशी जाहिरात केली आणि २०२३ मध्ये 'जमत नाही' म्हणून हात वर केले. एकदा कापलेलं दुसऱ्यांदा कापलं. प्रकरण कोर्टात गेलं.

आता विकायच्या जोडांकडं येऊ. गेम घेतल्यावर इंटरनेटवरून वेगळे पैसे देऊन उतरवून घ्यायचा भाग म्हणजे डीएलसी. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीनं 'ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. आमच्या कॅफेच्या दरानं पाच-सहा तासांचा खेळ! जगभर टिंगल झाली, पण लोकांनी ते घेतलंही. टिंगल करणारे आणि घेणारे वेगवेगळे होते असं मला वाटत नाही.

खरी बोंब उठली २०१२ मध्ये. 'स्ट्रीट फायटर क्रॉस टेकन'च्या डिस्कवर १२ लढवय्ये आधीच भरलेले निघाले. कंपनी त्यांची किल्ली नंतर विकणार होती. त्याच वर्षी मार्चमध्ये 'मास इफेक्ट ३' आला आणि पहिल्याच दिवशी एक महत्त्वाचं पात्र १० डॉलरला वेगळं विकायला ठेवलं. त्याचा काही भाग डिस्कवर सापडल्यानं लोक भडकले. इथं कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. गेम पूर्ण झाला की तो तपासणीला जातो, मग डिस्क छापतात. यात काही आठवडे सरतात. तोवर चित्रकार आणि लेखक मोकळे असतात. त्या काळात ते नवं काही बनवत असतील, तर ते चोरून ठेवलं असं म्हणता येत नाही. हा खुलासा मला पटतो. पण माझ्या घरात आलेल्या डिस्कवर तयार लढवय्या आहे आणि तो मलाच पुन्हा विकला जातोय, हे काही केल्या पटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं 'राजी' बनवला. गोलू या भावाला शोधत निघालेली बहीण, दुर्गा आणि विष्णूचे आशीर्वाद, राजस्थानी महालांसारखी चित्रं. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला. ठरलेली रक्कम जमली नाही, आणि तिथं रक्कम पुरी झाली नाही तर एक पैसाही मिळत नाही. तरी २०२० मध्ये गेम आला. गोष्ट अचानक संपते, ही तक्रार बऱ्याच समीक्षकांनी केली. पण तेवढ्या माणसांनी तेवढ्या पैशात केलेल्या गेमचा शेवट तुटका वाटला, म्हणून 'पुढचं विकायला दडवलं' असा आरोप करणं अन्यायाचं होईल. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, ही चांगली जोड.

सगळ्यात सावध राहायचं ते सीझन पासपासून. पुढं येणाऱ्या सगळ्या जोडांचे पैसे आजच द्यायचे. आमच्या जिल्ह्यात याला उचल म्हणतात. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि अंगावरचा पैसा फिटेपर्यंत कोयता खाली ठेवू शकत नाही. इथं उचल घेते कंपनी. ती काम अर्धं टाकून गेली तर तिच्या दारात कुठला मुकादम उभा राहणार?

कॅफे बंद झाला, आता त्याच जागेत मोबाइलचं दुकान आहे. आजची पोरं डीएलसी हा शब्दही वापरत नाहीत. गेम फुकट, आत कपडे आणि बंदुकीचे रंग विकत. २०२१ मध्ये 'बीजीएमआय' हा मोबाइलवरचा गेम आला तेव्हा १८ वर्षांखालच्या खेळाडूला दिवसाला ३ तासांची आणि ७००० रुपयांची मर्यादा घातली होती. दिवसाला ७०००! ती मर्यादा कुणाच्या घरातल्या पोरांना डोळ्यासमोर ठेवून ठरवली, कोण जाणे.

सगळ्याच डीएलसी लुटीच्या नसतात. पोलंडच्या 'विचर ३'नं २०१५ मध्ये १६ छोट्या डीएलसी फुकट दिल्या आणि नंतर पैसे घेऊन दोन मोठ्या दिल्या. त्यातली 'ब्लड अँड वाइन' एखाद्या स्वतंत्र गेमएवढी आहे. तेव्हा पैसे देऊच नका असं मी म्हणणार नाही. जोड बाजारात येऊ द्या, चार जणांना खेळू द्या, ती किती तासांची आहे विचारा आणि मग द्या. आणि पोराच्या हातात मोबाइल असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आजच चालू करा.