रंगाला न जुमानणारी नजर

हिरव्या-मातकट रंगाने सजविलेली लष्करी मोटार दाट झाडीत उभी केली, की थोड्या अंतरावरूनही ती कोणाच्या दृष्टीस पडू नये, एवढी तजवीज कुशल रंगारी सहज करू शकतो. परंतु तिच्या टपावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा मात्र त्याच्या अखत्यारीत नसते. सूर्यप्रकाश सर्व दिशांनी कंप पावत येतो, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर तिरका आदळून परतताना त्यातील एकाच दिशेची कंपने वरचढ ठरतात; यालाच ध्रुवीकरण म्हणतात. १८०८ साली मालुस या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसातील राजवाड्याच्या तावदानांवर चमकणारे मावळतीचे ऊन आइसलँडी स्फटिकातून पाहिले, आणि स्फटिक फिरवताच त्यातील दोन प्रतिमा आळीपाळीने मंदावत गेल्या, तेव्हा परावर्तनाचा हा गुण प्रथम ध्यानात आला.

आजच्या ध्रुवीकरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ०, ४५, ९० व १३५ अंशांत बसविलेल्या सूक्ष्म गाळण्या हेच काम एका क्षणात उरकतात. पानेही चकाकतात, हे खरे. पण प्रत्येक पान निराळ्या कोनात कललेले असल्यामुळे त्यांच्या दिशा परस्परांना मारक ठरतात, आणि सपाट टप तेवढा एकसंध उठून दिसतो. गंमत म्हणजे, लपण्यासाठी काळा रंग फासणाऱ्याची फजिती अधिकच होते. कारण आत शिरून विखुरणारा प्रकाश काळा रंग गिळून टाकतो व ध्रुवीकृत चकाकी तेवढी शिल्लक ठेवतो.

मानवी डोळ्याला हे ध्रुवीकरण सहसा जाणवत नाही. चतुर नावाच्या कीटकाला दिसते, आणि म्हणूनच तो बिचारा उभ्या मोटारीच्या टपाला तळे समजून त्यावर घिरट्या घालीत राहतो.