प्लग काढला तरी आत ४०० व्होल्ट

आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. त्या काळात कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी भागात घरातला मोठा रेडिओ म्हणजे बहुधा व्हॉल्व्हचाच, आणि जत्रेत कर्ण्यांना आवाज पुरवणारे मशीनही तसलेच. अशा सेटपैकी काही अजून माळ्यावर पडून असतात. नातवंडे ते खाली काढतात. कुणाला मोबाईल जोडायचा असतो, कुणाला घरघर घालवायची असते. कुणी नवाकोरा तयार व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर आणून त्यातले भाग बदलू पाहतो. ही हौस जरूर करावी. पण या कामाबद्दल जे समज कानावर येतात, त्यातले काही थेट जिवावर बेतणारे आहेत.

पहिला समज असा, की प्लग काढला म्हणजे मशीन मेले. शेतीपंपाच्या बाबतीत मेन स्विच पाडून फ्यूज काढले की मोटारीची लाइन खरोखरच मरते, त्यामुळे आपल्याकडच्या हातांना तीच सवय असते. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये मात्र ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ३००-४०० व्होल्ट करतो आणि ते फिल्टर कंडेन्सरमध्ये साठतात. ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४०० व्होल्टवर भरलेला असेल, तर वायर भिंतीपासून सुटल्यावरही तो भार तिथेच असतो. फसगत होते ती अशी : व्हॉल्व्ह तापलेले असताना मशीन बंद केले, तर ते स्वतःच काही सेकंदांत कंडेन्सर रिकामा करतात. त्यामुळे बहुतेक वेळा आत काहीच लागत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. एखादा व्हॉल्व्ह काढलेला असेल किंवा त्याचे फिलामेंट गेले असेल, तर तोच भार बराच वेळ टिकून राहतो.

म्हणून कंडेन्सरचा भार प्रत्येक वेळी आपणच उतरवायचा. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना चांगल्या इन्सुलेशनची वायर जोडा आणि उघडे सोल्डर झाका. एक टोक क्लिपने चासीला लावा. दुसरे टोक प्लास्टिकच्या मुठीच्या प्रोबने कंडेन्सरच्या पॉझिटिव्हवर पाच-दहा सेकंद धरा. दुसरा हात पाठीमागे किंवा खिशात, म्हणजे करंटला छातीतून वाट मिळत नाही. मग किमान ६०० व्होल्टचा मीटर डीसीवर लावून आकडा वाचा. १० व्होल्टच्या खाली आला तरच हात घाला. मोठ्या डब्यात कंडेन्सरचे दोन-तीन भाग असतात, तर प्रत्येकावर हेच करा. काम चालू असेपर्यंत पॉझिटिव्हलाही क्लिप लावून रेझिस्टर जोडलेलाच ठेवा, कारण रिकाम्या केलेल्या कंडेन्सरवर थोडा भार पुन्हा उगवतो. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची रीत सोडून द्या. त्यात कंडेन्सरही खराब होतो आणि डोळ्यालाही धोका असतो.

दुसरा समज याहून घातक वाटतो, कारण तो शिकलेल्यांचा आहे : घरात ३० मिलिअॅम्पिअरचा अर्थ लीकेज स्विच आहे, तो पडेल. हा स्विच फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटची तुलना करतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचे वाइंडिंग मात्र वेगळे असते. तिथला करंट तुमच्या हातातून चासीत जाऊन त्याच वाइंडिंगला परत मिळतो, बोर्डापर्यंत त्याची खबरच पोचत नाही. स्विच हवाच, तो मेनच्या बाजूचा दोष पकडतो. ४०० व्होल्टपासून तो वाचवत नाही.

मोबाईल जोडणाऱ्यांनी आधी व्हॉल्व्हवरची अक्षरे वाचावीत. युरोपीय पद्धतीच्या नावात पहिले अक्षर ‘ई’ असेल, जसे ईसीसी ८३ किंवा ईएल ८४, तर फिलामेंट ६.३ व्होल्टचे. ‘यू’ असेल तर फिलामेंट १०० मिलिअॅम्पिअरचे, एकामागे एक जोडलेले. अशा एसी-डीसी सेटमध्ये बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि चासी सरळ मेनच्या एका तारेला बांधलेली असते. प्लग उलटा बसला की चासीवर फेज. त्याला मोबाईलची वायर लावणे म्हणजे फेजच हातात धरणे. ‘ई’ दिसले तरी खात्री करा : प्लग बाहेर, सेटचा स्विच चालू, आणि अर्थची सोडून प्लगची प्रत्येक पिन व चासी यांच्यात ओहम मोजा. जोड दाखवला तर तो सेट नवशिक्याने उघडू नये.

घरघर जावी म्हणून अर्थची तार कापणे हाही असाच उपाय. दोन अर्थ केलेली यंत्रे एकमेकांना जोडली की अशी घरघर येऊ शकते. त्यावर मध्ये छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकावा, अर्थला हात लावू नये. उलट मेन ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या मशीनला पहिला बदल करायचाच, तर दोन तारांची जुनी केबल काढून तीन तारांची घालावी, हिरवी तार चासीला घट्ट बोल्ट करावी आणि फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तार काढून ठरलेल्या अॅम्पिअरचा फ्यूज बसवावा.

‘मोठा कंडेन्सर म्हणजे स्वच्छ आवाज’ हे अर्धेच खरे. रेक्टिफायर व्हॉल्व्हला मर्यादा असते : ईझेड ८१ ला ५०, जीझेड ३४ ला ६० मायक्रोफॅरड. पहिल्या कंडेन्सरला त्यापुढे गेलात तर सुरुवातीच्या करंटच्या झटक्याने रेक्टिफायर जातो.

स्पीकर न लावता मशीन तपासले तर ते सुरक्षित, ही सवय ट्रान्झिस्टरच्या काळातली. व्हॉल्व्हला भार नसताना सिग्नल दिला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेज उसळते आणि इन्सुलेशन फुटते. योग्य ओहमचा स्पीकर किंवा तेवढ्याच ओहमचा दमदार रेझिस्टर लावूनच बटण दाबा.

आवाज बदलायचा असेल, तर आधी जुने कागदी कपलिंग कंडेन्सर बदला. ते गळू लागले की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जाते आणि प्लेट लाल होते. नंतर पहिल्यांदा चालू करताना ६० किंवा १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे : प्लग काढा आणि पुन्हा कंडेन्सर उतरवण्यापासून सुरुवात करा.