घाट म्हणजे फक्त दिवे घाट नव्हे!



शर्यती बंद होत्या तेव्हाची गोष्ट. 'आमच्या गावची यात्रा' या विषयावर मुलांकडून लिहून घेत होते. एका मुलीने आजोबांची आठवण वाचून दाखवली, "आमचा गाडा घाटात पहिला आला होता." मागून एकाने विचारलं, "दिवे घाटात का गं?" वर्ग हसला. लोणी काळभोरच्या पोरांना जवळचा घाट तोच, त्याचं काय चुकलं? पण मी हिशेब केला. २०१४ च्या जूनमध्ये पहिलीत आलेलं मूल २०२१ च्या जूनमध्ये आठवीत गेलं. त्याच्या अख्ख्या बालपणात कायदेशीर शर्यत अशी झालीच नाही. मग ठरवलं, नागरिकशास्त्राचा तास याच विषयावर घ्यायचा.

घाट म्हणजे काय?

खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर या भागांत गावच्या यात्रेला बैलगाडे पळतात. त्यांच्यासाठीची चढाची सरळ धावपट्टी म्हणजे घाट. एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याच्या पाळीला बारी म्हणतात. निशाणापर्यंत पोचायला किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजायचं. ज्याला कमी वेळ, तो पुढे. सातारा-सांगलीकडे सपाट रानात शर्यती होतात, तर विदर्भात शंकरपट भरतो. पद्धती वेगळ्या, पण बैल शेतकऱ्याच्या गोठ्यातलेच.

घाट बंद कसा पडला?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा आहे. ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत, त्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, सिंह यांच्यासोबत जुलै २०११ मध्ये बैलाचं नाव आलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतलं जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती या दोन्हींवर बंदी घातली. बैल घोड्यासारखा पळण्यासाठी घडलेला नाही, त्याला मारून, टोचून पळवलं जातं, हा प्राणिमित्रांचा मुख्य मुद्दा. आपल्या पुस्तकातलं मूलभूत कर्तव्य, प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे, न्यायालयाने या निकालात आधाराला घेतलं. मुलं पाठ करतात ते वाक्य एवढं कामाचं असतं, हे त्यांना इथे दिसतं.

पुन्हा सुरू कसा झाला?

२०१७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. इथे मुलांना नक्की विचारा, केंद्राचा कायदा राज्य कसा काय बदलू शकतं? उत्तर समवर्ती सूचीत आहे. या सूचीतल्या विषयावर राज्याला कायदा करता येतो, पण तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळाली. तरीही त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह तात्पुरती परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. काठी, चाबूक, विजेचा धक्का चालत नाही. नियम मोडला तर शिक्षा आहे.

सगळ्या धावपट्ट्यांचं असं होत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात हिल्सबरो गावाजवळ ऑकोनीची नावाची मोटारींच्या शर्यतींची मातीची धावपट्टी होती. लंबगोल, साधारण दीड किलोमीटरची. तिथे 'स्टॉक कार' पळत, म्हणजे मूळ दुकानात विकत मिळणाऱ्या गाड्या. जसा आपला शेतातला बैल, तशी त्यांची रोजची मोटार! नॅस्कार या संस्थेच्या १९४९ सालच्या पहिल्या हंगामातही तिथे शर्यत झाली. पुढे स्थानिक धर्मगुरूंचा विरोध वाढला. नॅस्कारचे संस्थापक बिल फ्रान्स यांनी अलाबामात नवी मोठी धावपट्टी उभारली. हिल्सबरोची शेवटची मोठी शर्यत १९६८ मध्ये झाली. आज धावपट्टीवर झाडी वाढली आहे आणि लोक तिच्यावरून पायी फिरतात. २००२ मध्ये तिची ऐतिहासिक स्थळ म्हणून राष्ट्रीय नोंद झाली.

तिथे आयोजक दुसरीकडे गेले आणि विषय संपला. आपल्याकडे दोन्ही बाजूंचे लोक विधिमंडळात, न्यायालयात गेले, म्हणून नियम बदलले. माझ्या मते घाट पुन्हा सुरू झाला यापेक्षा तो अटींसह सुरू झाला, हे मुलांना कळणं जास्त गरजेचं आहे. विरोध झाला नसता तर चाबूक बंद झाला असता का? आणि शेतकरी गप्प बसला असता तर घाट राहिला असता का?

वर्गात करून पाहा

१. घरातल्या किंवा शेजारच्या ज्येष्ठांना विचारा : तुमच्या वेळी शर्यत कुठे व्हायची? ती जागा आज कशी आहे?

२. वर्गाचे तीन गट करा : बैलमालक, प्राणिमित्र, न्यायाधीश. न्यायाधीशांनी निकालासोबत कारण सांगायचंच.

३. २०११ ते २०२३ ची कालरेषा काढा. प्रत्येक टप्प्यावर निर्णय कोणी घेतला ते लिहा : केंद्र सरकार, विधिमंडळ की न्यायालय?

पालकहो, यंदा यात्रेला मुलांना घेऊन गेलात तर निकालासोबत बैलाकडेही बघायला सांगा. त्याला धाप लागलीय का, पाणी मिळालं का, पाठीवर वळ आहेत का. घरी आल्यावर त्यावर बोला. नागरिकशास्त्राचा तास घाटातही होतो!