तीन चाकांची तऱ्हा (लेखांक ६) : मधोमध झिजणारा टायर

गेल्या आठवड्यात स्पायडर या तीनचाकी गाडीची पुढची दोन चाकं पाहिली. मागे उरतं ते एकच चाक, आणि मालकाचा खिसा हलका करतं तेच. आपल्या रिक्षाची मांडणी नेमकी उलटी, पुढे एक आणि मागे दोन, त्यामुळे इंजिनचा जोर मागच्या दोन टायरांत वाटला जातो. क्वेबेकच्या बीआरपी कंपनीने २००७ मध्ये आणलेल्या कॅन-ॲम स्पायडरमध्ये मात्र शंभर अश्वशक्तीच्या आसपासचा सगळा जोर एकाच टायरमधून रस्त्यावर उतरतो. त्याने लवकर झिजावं यात नवल नाही. नवल आहे ते तो मधोमध झिजण्यात.

मोटारसायकल वळणावर कलते, म्हणून तिचा टायर गोलसर असतो आणि झीज कडांपर्यंत पसरते. स्पायडर कलत नाही. तिचा मागचा टायर मोटारीसारखा सपाट, २२५/५० आर १५ मापाचा (म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, रिम १५ इंची). तो सगळ्या रुंदीभर सारखा झिजायला हवा. पण कंपनीने सांगितलेली २८ पीएसआय हवा भरली आणि वर मोटारीच्या मानाने हलकी गाडी ठेवली, की टायरचा मधला पट्टा किंचित फुगतो आणि रस्ता मुख्यतः तोच घासतो. उतरवलेल्या टायरच्या कडा बघाव्यात तर नव्यासारख्या, आणि मधे पार गोटा! बाजूने बघून ‘अजून पाच-सहा हजार किलोमीटर जाईल’ म्हणणारे इथेच फसतात. नक्षीची खोली मधल्या खाचेतच मोजावी, आणि ती १.६ मिलिमीटरवर येण्याआधी टायर बदलावा. अमेरिकेत लोक यासाठी एका सेंटचं नाणं उलटं धरून खाचेत घालतात. लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं, की टायर संपला.

मग नवा कोणता घ्यायचा? कंपनीचाच, की मोटारीचा? मोटारसायकलच्या मागच्या चाकाला मोटारीचा टायर लावणाऱ्यांना अमेरिकी बाइकवाले ‘डार्क साइड’ला गेलेले म्हणतात. कलणाऱ्या गाडीला चौकोनी कडांचा टायर लावण्यावरचा तो आक्षेप रास्तच आहे. पण जी गाडी कलतच नाही, तिच्या बाबतीत या आक्षेपात मला फारसा दम दिसत नाही. भाराचाही प्रश्न नाही. मोटारीच्या टायरवरचा लोड इंडेक्स ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो पेलण्याची क्षमता, आणि स्पायडरच्या मागच्या चाकावर त्याहून बराच कमी भार येतो.

खरी मेख मापात आहे. २२५/५० हे माप मोटारींत आता दुर्मीळ, म्हणून बरेच जण २०५/६० आर १५ कडे वळतात. हिशेब करून पाहा. मूळ टायरचा व्यास ६०६ मिलिमीटर, याचा ६२७. साडेतीन टक्क्यांची वाढ. २१५/६० घेतला तर ६३९, म्हणजे साडेपाच टक्के. चाक मोठं झालं की तेवढ्याच वेगाला ते कमी फेरे घेतं. गाडी घसरते आहे का हे ठरवणारी यंत्रणा चाकांच्या फेऱ्यांवरच नजर ठेवून असते, तेव्हा ‘बसतोय ना, मग घाला’ हे धोरण इथे नको. मी असतो तर मूळ व्यासाच्या जितकं जवळ राहता येईल तितका राहिलो असतो.

हवेचंही तसंच. मोटारीच्या टायरच्या भिंती ताठ असतात, म्हणून अनेक मालक त्यात वीसच्या आसपासच हवा ठेवतात. झीज सारखी होते, हे खरं. पण हवा कमी केली की साचलेल्या पाण्यावर टायर लवकर तरंगतो, हेही तितकंच खरं. पावसाळी भागात खोल, रुंद खाचांची नक्षी म्हणूनच महत्त्वाची.

नवा टायर घालून चाक परत बसवताना, इंजिनचा जोर मागच्या चाकाला पोचवणारा दातेरी पट्टा पुलीच्या कडेला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून बघावं. मग टायरवर आडवी खडूची रेघ ओढावी आणि गाडी सरळ थोडी पुढे न्यावी. रेघ फक्त मधे पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली गेली तर कमी.