मिस कॉल आणि स्टार-हॅशचे हुकूम

बुलढाणा शहराच्या जवळ, पैनगंगेच्या काठी वसलेल्या देऊळघाटासारख्या मोठ्या गावात दूरध्वनीविषयीची माहिती मुख्यत्वेकरून तीन वाटांनी येते: मोबाईलच्या दुकानातून, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेल्या मजकुरातून आणि पुण्या-मुंबईस अथवा परदेशी नोकरीस गेलेल्या नातलगांच्या सल्ल्यातून. या माहितीत निखालस खोटे असे थोडेच असते. परंतु जी गोष्ट एका मुलखापुरती व एका यंत्रणेपुरती खरी, तीच हद्द ओलांडून दुसरीकडे आली की तिचा गैरसमज होतो, आणि मिस कॉल परत करण्यासंबंधी स्टार-हॅशचे जे आकडे आपल्याकडे छातीठोकपणे सांगितले जातात, त्यांतील बहुतेकांची हकीकत अशीच आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेला भाचा सुट्टीत घरी येतो आणि मामांस सांगतो की, फोन उचलेपर्यंत वाजायचा थांबला तर *६९ फिरवावे, म्हणजे ज्याने शेवटचा फोन केला त्याच्याकडे तो आपोआप लागतो. भाच्याचे बोलणे असत्य नाही. अमेरिकेत बटणांचा फोन १९६३ साली लोकांच्या हाती आला तेव्हा त्यावर केवळ दहा आकडे होते. स्टार आणि हॅश ही दोन बटणे १९६८ च्या सुमारास त्यात आली, आणि पुढे फोन करणाऱ्याचा क्रमांक एका एक्सचेंजकडून दुसऱ्या एक्सचेंजकडे स्वतंत्रपणे कळविण्याची व्यवस्था रुजल्यानंतर, तिच्या आधारावर *६९ ची सोय तेथील कंपन्या ग्राहकांस मोल घेऊन देऊ लागल्या. ज्यांच्या घरी जुना, चकती फिरविण्याचा फोन होता त्यांना स्टार उमटविताच येत नसे. त्यांच्यासाठी ११६९ हा पर्यायी क्रमांक होता. ब्रिटनमध्ये हेच काम १९९४ पासून १४७१ या क्रमांकाने होऊ लागले, आणि त्यात स्टारचा पत्ताच नाही. येणेप्रमाणे एकाच कामासाठी दोन देशांत दोन निराळे आकडे असतील, तर त्यांपैकी एक आपल्या मुलखात चालेलच असे मानण्यास आधार कोणता? देऊळघाटात मोबाईलवरून *६९ लावून पाहिले असता पडद्यावर संकेत अवैध असल्याचा इंग्रजी शेरा बहुधा येतो, आणि तो शेरा बरोबर असतो. त्या आकड्यास फोन ओळखत नाही असे नव्हे. ज्याने तो ओळखावयाचा ते पलीकडचे एक्सचेंज त्यास ओळखत नाही.

शिवाय त्याची आपणांस गरजही उरलेली नाही. *६९ चा जन्म ज्या घरगुती फोनासाठी झाला त्यावर पडदा नव्हता, म्हणून कोणाचा फोन येऊन गेला हे एक्सचेंजला विचारावे लागे. आपल्या हातातील साध्यात साधा मोबाईलही क्रमांक, वेळ व वार यांची नोंद आपण होऊन ठेवतो.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. स्टार-हॅशचे सगळेच आकडे एका जातीचे नसतात. *#०६# दाबले की उपकरणाचा आयएमईआय क्रमांक पडद्यावर येतो. हे उत्तर फोन स्वतःच देतो, आणि सिम काढून ठेवले तरी देतो. *९९# लावले की बँकेच्या व्यवहारांची यादी समोर येते; हा यूएसएसडी नावाचा, इंटरनेटविना चालणारा संवाद आहे, त्याचे दुसरे टोक राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यंत्रणेत आहे, आणि २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजनेबरोबर त्याचा देशभर विस्तार झाला. तिसरी जात *२१*, *६१*, *६२*, *६७* अशांची. हे आकडे काही विचारीत नाहीत व काही सांगतही नाहीत. ते आपल्या सिमच्या कंपनीला हुकूम देतात, कंपनी त्याची तत्काळ तामील करते, आणि तो हुकूम रद्द करीपर्यंत अमलात राहतो. फोन बंद केला, बदलला, पाण्यात पडला, तरी हुकूम कायमच. कारण तो फोनात नव्हे, कंपनीच्या दप्तरात लिहिलेला असतो. दुकानात ज्याला सरसकट ‘कोड’ म्हणतात त्यात या तिन्ही जातींची सरमिसळ झालेली असते, आणि घोटाळ्याचे मूळ तेथे आहे.

दुसरा समज असा की, शेतात रेंज नसताना किंवा बॅटरी उतरली असताना आलेले फोन कायमचे हरवतात. वस्तुतः अनेक कंपन्यांची मिस कॉल अलर्ट नावाची सोय याचसाठी आहे: आपला फोन संपर्काबाहेर असताना आलेला कॉल कंपनीच्या एका केंद्राकडे वळतो, केंद्र क्रमांक टिपून घेते, आणि रेंज येताच त्याचा संदेश आपल्याकडे येतो. अमेरिकेच्या *६९ चा आपल्याकडील खरा वारस शोधावयाचा तर तो हा आहे.

मिस कॉल परत करण्याच्या सवयीमागे केवळ आपुलकी नसते, जमाखर्चही असतो, याचा एक दाखला फार दूरचा नाही. १ जानेवारी २०२१ पर्यंत आपल्या देशात एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास फोन केला म्हणजे पहिलीने दुसरीस मिनिटास ६ पैसे द्यावे लागत. २०१९ साली कंपन्यांमध्ये असा वाद पेटला की, घंटा लवकर थांबवून मिस कॉल मुद्दाम वाढविले जात आहेत, म्हणजे समोरचा उलट फोन करील आणि ६ पैशांची दिशा बदलेल. आणि या चढाओढीत घंटेचा काळ २५ सेकंदांच्या आसपास खाली आला. अखेरीस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मोबाईलसाठी ३० व लँडलाइनसाठी ६० सेकंद असा दंडक घातला. उठून हात पुसेपर्यंत फोन थांबला अशी तक्रार करणाऱ्या गृहिणीचे म्हणणे तेव्हा केवळ कुरकुर नव्हती, एवढे यावरून सिद्ध होते.

आता ज्या प्रकाराने गावोगावच्या लोकांस खरोखर तोशीस लागते, त्याकडे वळू. एखाद्या दुपारी अनोळखी क्रमांकावरून फोन येतो. बोलणारा अदबीने सांगतो, “काका, तुमचं पार्सल आलंय, पण आमच्या पोराला तुमचा फोन लागत नाही. मेसेजमध्ये नंबर पाठवलाय, तेवढा एकदा डायल करा.” मेसेज उघडावा तर त्यात *४०१* किंवा *२१* असा आरंभ, त्यापुढे दहा आकडी एक मोबाईल क्रमांक, आणि काही वेळा शेवटी हॅश. काकांची समजूत अशी की, आपण त्या पोराला फोन लावीत आहोत. प्रत्यक्षात त्यांनी आपल्या नावे येणारा प्रत्येक फोन त्या दहा आकडी क्रमांकाकडे पाठवावा असे मुखत्यारपत्र कंपनीकडे दाखल केलेले असते, आणि पडद्यावर नोंद यशस्वी झाल्याचे जे इंग्रजी शब्द उमटतात, ते त्याची पोच होय. यानंतर तो इसम आपल्या फोनात काकांच्या क्रमांकाचे व्हॉट्सअ‍ॅप उघडू पाहतो, ओटीपी फोनवर बोलून सांगावा असा पर्याय निवडतो, आणि तो फोन काकांकडे न वाजता त्याच्याकडे वाजतो. थोड्याच वेळात काकांच्या ओळखीच्या मंडळींस काकांच्या नावाने उसने पैसे मागणारे संदेश जाऊ लागतात, आणि ज्यांना शंका येते व जे खात्रीसाठी काकांस फोन करतात, त्यांचे फोनही त्याच इसमाच्या हाती पडतात.

या ठिकाणी दोन्ही बाजूंचे अतिरंजन टाळले पाहिजे. कॉल वळविल्याने मेसेज वळत नाहीत. मेसेजने आलेला ओटीपी तुमच्याच फोनात येतो, तो तुम्ही सांगितल्यावाचून त्याला कळत नाही. तसेच मिस कॉलला उलट फोन केल्याबरोबर बँकेचे खाते रिकामे होते, ही वदंताही निराधार आहे. केवळ फोन लावण्याने कोणाच्या खात्यातून रक्कम जात नाही. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# सारख्या यूएसएसडी मार्गाने कॉल वळविण्याची सोय पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवण्यास कंपन्यांना फर्माविले. परंतु *२१* ची मालिका जीएसएम पद्धतीच्या मूळ नियमांतच असल्यामुळे, आता धोका टळला असे समजून गाफील राहणे बरे नव्हे.

याच मालिकेतील *#२१# संबंधी एक मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे: हे दाबा, म्हणजे तुमचा फोन कोणी चोरून ऐकत आहे की नाही ते कळेल. हे साफ चूक आहे. *#२१# एवढेच सांगते की, तुमचे कॉल सरसकट दुसरीकडे वळविलेले आहेत की नाहीत. सरकारी परवानगीने होणारे संभाषणश्रवण कंपनीच्या यंत्रणेत होते, आणि त्याचा सुगावा देणारा कोणताही आकडा ग्राहकाच्या हाती नाही. याचीच धाकटी बहीण *#६२#. तिच्या उत्तरात अनेकदा एक अनोळखी क्रमांक दिसतो आणि घरात हलकल्लोळ माजतो. पण तो क्रमांक बहुधा कंपनीच्या त्या मिस कॉल अलर्टच्या केंद्राचा असतो. घाबरून ##००२# लावले तर वळविलेले सर्व काही रद्द होते, हे खरे; मात्र त्याबरोबर मिस कॉलचे संदेशही येणे थांबू शकते, आणि मग लोक कंपनीच्या नावाने बोटे मोडतात.

परदेशी क्रमांकाचा मिस कॉल ही बाब निराळी. आरंभी +९१ नसून दुसराच देशसंकेत आहे, त्या देशात आपले कोणी नाही, आणि घंटा एकदाच वाजून थांबली, तर उलट फोन करू नये; कारण असे काही क्रमांक चढ्या दराचे असतात, आणि तुम्ही जितका वेळ संगीत ऐकत थांबाल तितका तुमचा बॅलन्स उतरतो व त्यातील वाटा तिकडे पोहोचतो. खाते नव्हे, बॅलन्स. नुकसान त्या मर्यादेतले, पण विनाकारण. बरे, +९१ दिसले म्हणजे फोन देशातूनच आला असेही नाही. परदेशातून करून भारतीय क्रमांकाचा मुखवटा चढविलेले कॉल अडविणारी यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच तिने असे सुमारे १.३५ कोटी कॉल हेरले. अशा क्रमांकास उलट फोन केला असता पलीकडे एखादा निरपराध गृहस्थ सापडतो, ज्याने तुम्हांस कधी फोन केलेलाच नसतो. त्याच्यावर तोंडसुख घेऊ नये.

उलट, काही मिस कॉल विनाकारण संशयाने टाकून दिले जातात. बुलढाण्याचा एसटीडी संकेत ०७२६२ असून त्यापुढे सहा आकडे येतात. तेव्हा एखाद्या कचेरीतून किंवा बँकेतून आलेला लँडलाइनचा कॉल आपल्या पडद्यावर ७२६२ ने आरंभ होणारा दहा आकडी, मोबाईलसारखा क्रमांक म्हणून दिसू शकतो. तो परत करताना आधी शून्य लावावा. आणि ज्यांच्या घरी अद्याप लँडलाइन आहे त्यांनी मोबाईलवर उलट फोन करतानाही आधी शून्य लावावा. १५ जानेवारी २०२१ पासून तसा नियमच आहे. १४० ने आरंभ होणारा क्रमांक मात्र जाहिरातवाल्यांचा. तो परत करण्यात हशील नाही.

क्रमांक दिसलाच नाही तर? तो उघड करणारा आकडा म्हणून जे जे सांगितले जाते ते सर्व निरुपयोगी आहे. धमकीचा किंवा छळाचा फोन असेल तर वेळ व तारीख टिपून पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. क्रमांक कंपनीच्या दप्तरात असतो आणि रीतसर मागणी आल्यावर तो पोलिसांस मिळतो.

आपल्या फोनाची खातरजमा करावयाची असल्यास फोनच्या सेटिंगमधील कॉल फॉरवर्डिंग हे पान उघडून पाहणे सर्वांत सोपे. कंपनीपरत्वे संकेत बदलतात, ते पान बदलत नाही. दुसऱ्याने सांगितलेला, स्टारने आरंभ होणारा आणि पोटात दहा आकडी मोबाईल क्रमांक असलेला कोणताही संकेत लावू नका. लावला गेलाच असेल, तर लगेच ##००२# लावा, कंपनीकडून ते रद्द झाल्याची खात्री करून घ्या, आणि पैसे गेले असल्यास वेळ न दवडता १९३० वर तक्रार नोंदवा.