प्रभावतीगुप्ता : विदर्भाची वाकाटक राणी
रामटेकला गेलात तर जवळच्या नगरधनलाही जा. हीच वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन. इथूनच सुमारे 1600 वर्षांपूर्वी प्रभावतीगुप्ता राज्य चालवत होती!

ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. पती दुसरा रुद्रसेन लवकर वारला, मुलं लहान. मग युवराज दिवाकरसेनाच्या वतीने तिनेच किमान 13 वर्षं कारभार पाहिला.

तिच्या पुणे ताम्रपटात वंशावळ सुरू होते ती माहेरच्या गुप्तांपासून! लग्नानंतरही तिने वडिलांचंच 'धारण' गोत्र लावलं. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची, शंखचिन्ह असलेली मातीची मुद्राही सापडली आहे.

पुढच्या वेळी रामटेकच्या गडमंदिरावरून खाली बघताना हिची आठवण नक्की काढा.